तिच्या वजनावर लावलेली गाडी

सुखदेवराव गोंडाणे उभ्या गाडीजवळून सरळ पुढे निघून गेले, असं पहिली काही वर्षं मी कधी पाहिलं नाही. गाडी कोणाची, आत कोण बसलंय, याच्याशी त्यांना काही कर्तव्य नसे. ते तिच्या मागच्या कोपऱ्यावर दोन्ही तळहात ठेवत, अंगाचा भार टाकून ती खाली दाबत आणि झटकन हात काढून घेत. मग मान वाकडी करून बघत राहत. गाडी एकदा वर येऊन थांबली, तर समाधानानं पुढे जात. दोनतीनदा डोलली, तर मालकाची कीव आल्यासारखा चेहरा करून म्हणत, "नाचते. शॉकअप गेले." शॉकअप म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर, नागपुरात त्याला दुसऱ्या नावानं कोणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. लग्नाच्या मांडवासमोर फुलांनी मढवलेली नवरदेवाची गाडीसुद्धा त्यांनी सोडली नव्हती. नवरदेव आत बसलेला होता, त्याच्यासकट दाबली.

आमची पहिली भेटही अशीच झाली. साताऱ्याकडून मी नागपूरला मुलींच्या शाळेत नोकरीला आले आणि सीताबर्डीच्या किल्ल्यामागच्या एका गल्लीत दोन खोल्या घेतल्या. टॅक्सीतून वळकटी, बादली, पुस्तकांचं खोकं असं सगळं उतरवत होते, तेवढ्यात शेजारच्या दारातून एक उंच, सावळा, पांढऱ्या बुशशर्टातला माणूस बाहेर आला. वाटलं, सामानाला हात लावायला आला असेल. त्यानं हात टॅक्सीला लावला.

"बापा, केवढी नाचते!" तो टॅक्सीवाल्याला म्हणाला. "बाईचं कंबरडं मोडलं असन ना गा!" मग माझ्याकडे वळून, "या बाई. पाणी पाजतो. पन लगेच बसू नका, थोडा वेळ उभ्या राहा. कमरेले बरं पडते." नव्या गावात माझ्या कमरेची चौकशी करणारा हा पहिला माणूस. मला तो आगाऊ वाटला होता, हे सांगून टाकते.

सुखदेवराव सरकारी कचेरीत नकाशे काढत. कालवे, पाट, छोटे बांध, असलं काही. कागदावर रेघ मारायच्या आधी श्वास रोखून धरायची त्यांची सवय बोलण्यातही उतरली होती. एखादं वाक्य सुरू करण्यापूर्वी ते इतका वेळ थांबत, की समोरचा मधेच विषय बदलून टाकी. घाई त्यांना कशाचीच नव्हती. चहासुद्धा बशीत ओतून पूर्ण निवल्यावर प्यायचे. "गरम गरम कशाले पाहिजे? जीभ भाजून चव कळते का?" असं म्हणत. हा सावकाशपणा मला पुढे फार छळणार होता.

त्यांच्या घरी गेल्यावर पहिल्यांदा काहीतरी चुकल्यासारखं वाटलं आणि काय ते लवकर कळेना. मग लक्षात आलं. त्या घरात बसायची प्रत्येक जागा एकाच उंचीची होती. खाट, खुर्ची, खिडकीजवळचा कट्टा, मोरीतला ओटा, सगळं एका पातळीत. खाटेचे पाय कापलेले, ओटा विटा लावून वाढवलेला. हे सगळं कौसल्याताईंसाठी होतं.

कौसल्याताई म्हणजे त्यांची बायको. तरुणपणी तिच्या मणक्याला क्षय झाला होता. दुखणं गेलं, पाठ आणि पाय मात्र परत आले नाहीत. पण हात असे खंबीर, की हातांवर भार देऊन ती खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून कट्ट्यावर, कट्ट्यावरून ओट्यावर सरकत सगळं घर फिरे. खुर्चीला सुखदेवरावांनी छोटी चाकं बसवून घेतली होती. खिडकीत बसून ती गल्लीतल्या येणाऱ्याजाणाऱ्यावर शेरे मारी. तिच्या जिभेपुढे माझी मास्तरकीची जीभ फिकी पडे, आणि माझी जीभ काही साधी नव्हती. तिची नि माझी गट्टी जमली ती त्यामुळेच.

तिला हवं होतं एकच. बेसाला जायचं होतं. आज बेसा म्हणजे शहराचंच शेपूट झालंय. मनीषनगरकडून निघावं, डांबरी रस्त्यानं ऑटो बोलता बोलता नेऊन सोडतो. त्या काळी ते शेताशेतांतलं गाव होतं आणि शेवटचा तुकडा बैलगाडीच्या चाकोरीचा. तिथं तिचं माहेर. गावच्या विहिरीवर तिच्या माणसांना कोणी चढू देत नसे. वरून कोणी ओंजळीत ओतेल तेवढं पाणी. छप्पन साली घरानं दीक्षा घेतली आणि तिच्या बापानं आपल्या एवढ्याशा वावरात स्वतःची विहीर खणायला घेतली. कौसल्याताई तेव्हा लग्नाच्या वयाची होती. मातीची टोपली डोक्यावर घेऊन ती वर चढत असे.

"पहिलं पानी लागलं ना बाई, तं गढूळ होतं पुरं," ती सांगे. "पन आमी सगळ्यायनं पेलं. असं गोड पानी मी मंग कुठंच नाही पेली." तिचा धाकटा भाऊ सीताराम अधूनमधून सायकलीला डबा बांधून त्या विहिरीचं पाणी आणून देई. ती तो डबा झाडांना घालायची. "आनलेलं पानी नाही पाहिजे मले. काठावर बसून पेईन, नाही तं नाही."

मी राहायला येण्यापूर्वी एकदा तिला न्यायचा प्रयत्न झाला होता. सीताराम घरची बंडी, म्हणजे बैलगाडी, घेऊन आला. त्यात कडबा, कडब्यावर गादी. सुखदेवरावांनी तिला दोन्ही हातांवर उचललं आणि सगळी गल्ली दारात उभी असताना बंडीत नेऊन ठेवलं. कोणीतरी बाई हळहळून म्हणाली, "लेकरावानी झाली वं बिचारी!" पुढे बेसाच्या अलीकडे नाला लागतो. तिथं चाक खाली गेलं, बंडी आदळली आणि कौसल्याताई अशी ओरडली, की बैलसुद्धा बुजले म्हणे. तिथूनच मागे फिरले. महिनाभर ती कुशीवर वळू शकली नाही.

त्या एका दिवसाचं दोघांनी वेगवेगळं लक्षात ठेवलं. सुखदेवरावांच्या कानात तिचं ओरडणं राहिलं. कौसल्याताईच्या कानात 'लेकरावानी झाली' राहिलं. "मले कोनी उचलायचं नाही," तिनं नवऱ्याला शपथ घातली. "घरात ठीक आहे. चारचौघांत नाही. माह्या हातानं बसन अन् जाईन."

म्हणून गाडी आली. एका डॉक्टरची जुनी, पारव्या रंगाची. आम्ही तिला पारवीच म्हणू लागलो. पण पारवीची सीट खुर्चीपेक्षा चार बोटं उंच निघाली. खुर्ची उंच केली तर कौसल्याताईचे पाय लोंबकळत आणि पाठीला ओढ लागे. सीटची गादी कापून पाहिली, तर दाराखालची पट्टी मधे आली. शेवटी सुखदेवरावांनी ठरवलं, की अख्खी गाडीच चार बोटं खाली आणायची.

हे काम केलं करीमभाईंनी. बर्डीपलीकडे त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. तोंडात कायम पान आणि डोक्यावर जाळीची टोपी. पुढच्या स्प्रिंगा करवतीनं कापून आखूड केल्या, मागच्या कमानीचे पाटे ठोकून चपटे करून घेतले. गाडी बसली. पण काम करताना त्यांनी बजावलं होतं, "साहब, स्प्रिंग और शॉकअप की जोडी रहती. एक को छोटा करे, तो दूसरे को पूछना पड़ता." सुखदेवरावांना तेव्हा सीटच्या उंचीशिवाय काही दिसत नव्हतं.

तो दिवस मला आठवतो. खुर्ची गाडीला लावली, मधे गुळगुळीत फळी ठेवली आणि कौसल्याताई तळहातांवर भार देत सरकत सरकत थेट सीटवर जाऊन बसली. कोणाचा हात लागला नाही. पाय स्वतःच्या हातांनी उचलून आत घेतले. मग दारात उभ्या बायांकडे पाहून एखाद्या राणीनं म्हणावं तसं म्हणाली, "जाऊन येते वं बायांनो." सुखदेवराव इतके हसलेले मी त्याआधी पाहिले नव्हते. गल्लीच्या तोंडाशी गटाराची फरशी होती. तिच्यावरून गाडी गेली आणि 'धाड्' असा आवाज आला. मागाहून गाडी डोलतच राहिली. कौसल्याताई ओरडली नाही. ओठ दाताखाली धरले होते, चेहरा पांढरा पडला होता. सुखदेवरावांनी आरशात पाहिलं आणि काही न विचारता गाडी मागे घेतली.

करीमभाईंनी मग समजावून सांगितलं. मी तिथं होते म्हणून मलाही कळलं. स्प्रिंगचं काम उडवायचं, शॉकअपचं काम आवरायचं. स्प्रिंग आखूड झाली की ताठ होते, जोरात उडवते. जुना शॉकअप बिचारा पहिल्या मापाचा, त्याला ती आवरत नाही. शिवाय गाडी खाली बसल्यामुळे तो आधीच अर्धा मिटलेला. जरा खड्डा आला की पुरा मिटतो आणि लोखंडावर लोखंड आपटतं. "तो जो धाड् हुआ ना, वो भाभी के पीठ में हुआ," करीमभाई म्हणाले. त्यांचा तसा बोलायचा हेतू नसेल, पण सुखदेवरावांच्या काळजात ते वाक्य घुसलं ते घुसलंच.

तिथून त्यांचं जोडी जुळवणं सुरू झालं. कचेरी सुटली की भंगार बाजार. दुसऱ्या गाड्यांचे आखूड शॉकअप शोधून आणायचे, करीमभाईंनी ते उघडून आतलं तेल बदलायचं, कधी जाड, कधी पातळ, आणि बसवायचे. जीपचे लावले तर पारवी लाकडाची झाली. कुठल्याशा व्हॅनचे लावले तर तिचा पाळणा झाला. पुढचे जमले की मागचे बिघडत. आणि प्रत्येक वेळी सुखदेवराव कोपरा दाबून बघत. "एकदा खाली, एकदा वर, बस. खाली गेलं तं चालते. उगाच नाचलं नाही पाहिजे." हे त्यांचं वाक्य माझ्या वर्गातल्या पोरींनाही मी ऐकवू लागले होते, वेगळ्या कारणासाठी.

एका संध्याकाळी ते माझ्या दारात येऊन नेहमीपेक्षाही जास्त वेळ थांबले. मग म्हणाले, "बाई, राग नका येऊ देऊ. तुमचं वजन कौसल्याएवढंच दिसून राहिलं." असं वाक्य माझ्याशी बोलायची हिंमत कोणा पुरुषानं त्याआधी केली नव्हती, नंतरही नाही. खिडकीतून कौसल्याताईचं हसणं ऐकू आलं. "जा ना बाई, बसा! माह्या वाटचे हादरे तुमी खा!"

दर रविवारी सकाळी मी पारवीत मागच्या डाव्या जागेवर बसू लागले. हातात वर्तमानपत्र. ते मोठ्यानं वाचत जायचं, अशी सुखदेवरावांची अट होती. माझा आवाज कुठं तुटतो, ते ऐकून त्यांना गाडी कळायची. "अग्रलेख वाचा बाई. त्यात लांब लांब वाक्यं राहते." वर्धा रोडनं निघून आम्ही बेसाच्या चाकोरीला लागत असू आणि मी देशाच्या आर्थिक धोरणावर खणखणीत आवाजात बोलत असे. बैलगाडीवाले थांबून बघत. एकदा जीभ चावली, त्या रविवारी तिखट खाता आलं नाही. नाल्यापाशी पोचलं, की ते गाडी उभी करत. पलीकडे बेसाची झाडं दिसायची, सीतारामच्या वावरातला आंबासुद्धा. "चला ना, भेटून येऊ त्याला," मी एकदा म्हटलं. त्यांनी मान हलवली. "कौसल्या गाडीत नसताना ही गाडी बेसाले नाही नेणार मी." आणि पारवी वळवली.

पावसाळ्यात काळ्या मातीत तो रस्ता बंदच. मग हिवाळ्याची वाट पाहायची. हिवाळा आला, की नव्या शॉकअपचा काही दोष निघे. उन्हाळ्यात तेल पातळ होऊन गाडी पुन्हा नाचू लागे. मला कंटाळा आला, मग राग यायला लागला. माझ्या दृष्टीनं गाडी केव्हाच पुरेशी चांगली झाली होती. अग्रलेखात चारदोन ठिकाणी आवाज कापत असेल, तेवढंच. एकदा मी स्पष्टच म्हटलं, "सुखदेवराव, तिला घेऊन जा आता. गाडी कधीच पूर्ण होत नसते."

ते थांबले. नाल्याकडे बघत म्हणाले, "बाई, तुमी ते ओरडणं ऐकलं नाही."

मी घरी येऊन कौसल्याताईकडे कुरकुर केली. ती तांदूळ निवडत होती. "राहू द्या ना बाई. माह्यापेक्षा गाडीचंच दुखनं मोठं झालं आता," ती म्हणाली आणि हसली. ते हसू मला आवडलं नाही.

त्याच हिवाळ्यात एका रविवारी मी वर्तमानपत्र घेऊन दारात उभी, तर सुखदेवराव माझ्याकडे न बघता म्हणाले, "आजपासून तुमी नका येऊ बाई."

"का हो?"

"तुमी जड होता."

माझा असा संताप झाला! माझं वजन होतं तेवढंच होतं. शिंप्याचं जुनं माप अजून चालत होतं. दुसऱ्या रविवारी बघते, तर माझ्या जागेवर ज्वारीचं पोतं, पट्ट्यानं नीट बांधलेलं. "आता अग्रलेख कोण वाचणार? ज्वारी?" मी ओरडून विचारलं. खिडकीतून हसू आलं नाही. सुखदेवरावही हसले नाहीत.

पुढे दोनतीन आठवड्यांनी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. सुखदेवराव पारवीचं मागचं दार उघडून पोत्याचं तोंड सोडत होते. त्यांनी टिनाच्या डब्यानं थोडी ज्वारी काढली, थोडा वेळ हातात धरून उभे राहिले आणि पोतं पुन्हा बांधलं. काढलेली ज्वारी चिमण्यांना टाकली. काही आठवड्यांनी पुन्हा तसंच. नंतर पुन्हा. तिसऱ्यांदा बघताना माझ्या हातातलं ओलं लुगडं तसंच राहिलं. मी जड झाले नव्हते. कौसल्याताईचं जुनं दुखणं परत आलं होतं. सकाळी खाटेवरून खुर्चीत बसायला आता ती नवऱ्याचा हात घेई आणि त्या हाताला रोज कळत होतं, की आज ती कालच्यापेक्षा कमी आहे. पोतं तेवढं कमी होत होतं. गाडी तिच्यासाठी लावायची, तर ती आज जेवढी उरली आहे तेवढ्या वजनावर लावायची, असा त्या माणसाचा हिशेब. मला रडू आलं आणि त्याच वेळी त्यांना गदगदा हलवावंसंही वाटलं.

शेवटी एक दिवस करीमभाईंनी कोपरा दाबला. पारवी एकदा खाली गेली, एकदा वर आली आणि थांबली. सुखदेवरावांनी दाबलं, तसंच. चारही कोपरे तसेच. करीमभाईंनी फडक्याला हात पुसले. "अब इसको हाथ नहीं लगाने का, साहब. अब भाभी को ले के जाओ. जल्दी जाओ." करीमभाईंनाही ते पोतं दिसत होतंच.

थंडीतली सकाळ होती. कौसल्याताईनं दीक्षेच्या वेळचं पांढरं लुगडं नेसलं होतं, जपून ठेवलेलं. ते तिच्याभोवती फार जास्त झालं होतं. मी सोबत यावं, असा तिनं हट्ट धरला, म्हणून मी पुढच्या सीटवर बसले होते. खुर्ची गाडीला लागली. फळी ठेवली. खुर्ची आणि सीट, रेघ मारल्यासारखी एका उंचीत. गल्ली दारात उभी होती. सुखदेवराव शपथेप्रमाणे दोन पावलं मागे सरून, हात पाठीशी बांधून उभे.

कौसल्याताईनं तळहात फळीवर टेकवले आणि जोर केला. ती हलली नाही. पुन्हा केला. कोपर थरथरले. बांगड्या दंडापर्यंत वर सरकल्या होत्या, त्या खाली मनगटावर आल्या. तिसऱ्यांदा तिनं जोर केलाच नाही. फळीकडे बघत राहिली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "उचला मले."

सुखदेवरावांना ते कळलंच नाही. ते तसेच उभे.

"काहून उभे आहा? उचला ना."

त्यांनी उचललं. दर रविवारी पोतं चढवताना लागे तेवढीच ताकद त्यांना लागली असेल; त्यांच्या हातांना ते वजन चांगलं ठाऊक होतं. गल्लीत या वेळी कोणी हळहळलंसुद्धा नाही. सुखदेवरावांनी दार लावलं आणि चाकामागे बसले, तेव्हा त्यांना किल्ली लावायला जागा सापडेना.

वाटेत कौसल्याताई एकसारखी बोलत होती. इथं पूर्वी बोरी होत्या, तिथं एक म्हातारी पेरू विकायची, अमक्याच्या वावरात आम्ही वाटाणे चोरले. मी कान देऊन ऐकत होते. सवयच लागली होती ती. सुखदेवराव आरशात बघत होते. नाला आला, चाक खाली गेलं, वर आलं, आणि तिच्या बोलण्यातलं एक अक्षरसुद्धा हललं नाही. गाडी खरोखर जमली होती. मी सुखदेवरावांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे होतं, त्याला मी आनंदच म्हणेन, जरी नंतर तो फार टिकला नाही.

सीतारामनं विहिरीच्या काठाशी बाज टाकून ठेवली होती. तिला त्यावर बसवलं. तिनं काठाच्या दगडांवरून हात फिरवला, एक दगड ओळखून त्यावर थापटलं. सीतारामनं बादली ओढली, लोटा भरून दिला. ती सावकाश प्यायली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मचूळ आहे वं बाई. मी उगाच गोड गोड करत होती इतले दिवस." आणि मनापासून हसली. आम्हीही हसलो.

त्या हसण्याच्या भरात सुखदेवरावांनी विचारलं, "एक भी हादरा नाही लागला ना?"

"नाही लागला," ती म्हणाली. तिनं लोटा मांडीवर ठेवला. "पन लागले असते तं मले चालले असते. तवा माह्या हातात ताकद होती. तवा मी बसून आली असती. हादरे तुमालेच नाही चालले."

आवाजात राग नव्हता, हेच वाईट होतं. सुखदेवराव काही बोलायच्या आधी थांबायचे, तसे थांबले. ते थांबले ते थांबलेच. येताना नाला कधी ओलांडला, तेही कळलं नाही.

होळीच्या आत कौसल्याताई गेली. घरातच, तिच्या त्या कापलेल्या पायांच्या खाटेवर. मी बरेच दिवस खिडकीकडे बघायचं टाळत असे. शाळेतून येताना पलीकडच्या बाजूनं चालायची.

सुखदेवराव पुढे कित्येक वर्षं पारवी चालवत होते. कचेरीत त्याच गाडीनं जात, निवृत्त झाल्यावर बाजारालाही तीच. मागच्या डाव्या जागेवर पोतं तसंच, पट्ट्यानं बांधलेलं. दाण्याला कीड लागली, की जुनी ज्वारी काढून नवी भरत, शेवटी होती तेवढीच. गल्लीतली नवी माणसं हसत. मी हसले नाही, पण मला ते बघवतही नव्हतं. आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ते आता कोणाच्याही गाडीचा कोपरा दाबत नसत. उभ्या गाडीजवळून सरळ पुढे निघून जात.

मी नोकरीतून मोकळी होऊन साताऱ्याला परत निघाले, तेव्हा स्टेशनवर सोडायला ते आले. ऑटो नको म्हणाले. सामान डिकीत घातलं, मी पुढे बसले. दुपारची वेळ होती, बर्डीवर रहदारी होती. बरंच अंतर गेल्यावर मी म्हटलं, "सुखदेवराव, आता तरी ते पोतं काढा."

"काढलं होतं बाई. एक दिवस." ते थांबले. "गाडी तिच्या वजनावर लावली आहे. ते नसलं तं नाचते."

स्टेशनच्या आवारात त्यांनी माझी वळकटी उतरवली, ट्रंक उतरवली. मी गाडीच्या मागे उभी होते. काय मनात आलं कोण जाणे, मी पारवीच्या कोपऱ्यावर दोन्ही तळहात ठेवले, अंगाचा सगळा भार टाकून दाबलं आणि हात काढून घेतले. गाडी एकदा खाली गेली. एकदा वर आली. थांबली.

सुखदेवराव बघत होते. "जमलं ना बाई?"

"जमलं," मी म्हटलं. "छान जमलंय."

"मंग एवढी वर्षं काहून लावली मी?"

जन्मभर दुसऱ्यांना प्रश्न विचारून मी पोट भरलं. हमाल ट्रंक डोक्यावर घेऊन पुढे निघाला होता. मी त्याच्या मागे चालू लागले.